चिन्नोरची भिशी

आम्हां बालाघाटकर मराठी कुटुंबांत सणावाराचे पान वाढले की त्यावरील भात चिन्नोरचा असावा, असा जुना रिवाज होता. पातेल्यावरचे झाकण काढले की सुगंध ओसरीपर्यंत येई. अलीकडे पक्वान्नांची संख्या वाढली, पण भाताचा सुगंध मात्र हरपला. पाहुण्यांना आपण अभिमानाने सांगतो की चिन्नोर आमच्या जिल्ह्याचा, आणि त्यांच्या पानात वाढतो तो दुकानातून आणलेला कोणताही पांढराशुभ्र तांदूळ. ही विसंगती बोचू लागली म्हणून काही वर्षांपूर्वी आमच्या आळीतील अकरा कुटुंबांनी मिळून एक लहानसा उपक्रम आरंभिला. त्याची हकीकत वाचकांपुढे ठेवावी, असे वाटते.

चिन्नोर मागे का पडला, याचा विचार आम्ही प्रथम केला. हे धान तयार व्हायला सुमारे पाच महिने लागतात. त्याची ताटे उंच असल्यामुळे ऐन पिकात वाऱ्यापावसाचा तडाखा बसला की ती लोळतात. उत्पन्नही नव्या जातींहून कमी. सरकारी आधारभूत किमतीत धानाचे दोनच प्रकार आहेत, साधारण आणि 'अ' श्रेणी. सुगंधाला तेथे वेगळे मोल नाही. मग शेतकऱ्याने लवकर येणारे, भरघोस धान लावले तर त्याला बोल कसा लावावा?

२०२१ साली बालाघाटच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळाले. पुढे वैनगंगेच्या खालच्या अंगाला असलेल्या भंडाऱ्याच्या चिन्नोरलाही ते लाभले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्यप्रदेशात राहिला; धानाने मात्र ती सीमा मानली नाही. मानांकनाने नावाचे रक्षण होते, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु बांधीत धान लावायचे की नाही, हे अखेर शेतकरीच ठरवतो, आणि तो ठरवतो घेणाऱ्याकडे पाहून.

येथे डॉ. राधेलाल रिछारिया यांचे स्मरण होते. रायपूरला राहून या थोर शास्त्रज्ञाने त्या काळच्या मध्यप्रदेशातून धानाचे हजारो देशी वाण गोळा केले. तो संग्रह आज रायपूरच्या कृषी विद्यापीठात जतन केलेला आहे. पण शीतगृहातील वाण निराळा आणि दरवर्षी पेरला, कापला, शिजवला जाणारा वाण निराळा. दिंडोरी जिल्ह्यातील लहरीबाई या बैगा तरुणीने कोदो-कुटकीसारख्या भरडधान्यांची बियाणी आपल्या मातीच्या घरात सांभाळली आणि ती गावोगावच्या शेतकऱ्यांना पेरायला दिली. २०२३ साली देशभर तिचे कौतुक झाले. तिच्यासारखे बियाणे राखणे आम्हां नोकरदारांना जमणार नव्हते; खाणे मात्र जमण्यासारखे होते!

मराठी घरांना भिशी नवी नाही. आम्ही तोच मार्ग धरला. प्रत्येक घराने दरमहा ठराविक रक्कम काढावी. रोवणीपूर्वी दोन शेतकऱ्यांना काही रक्कम आगाऊ द्यावी आणि उरलेली मळणीनंतर. भाव पेरणीच्या आधीच ठरवावा. बियाणे शेतकऱ्याचे घरचेच. संकरित बियाणे दरसाल विकत घ्यावे लागते. देशी धानाचे मात्र चांगल्या लोंब्या निवडून, भेसळीची ताटे उपटून काढली तर घरच्या घरी राखता येते.

पहिल्या वर्षी आमचे अज्ञान उघडे पडले. सगळे धान एकदम भरडून आणले. श्रावणात डबे उघडावेत तो सोंडे! सुगंधही मंदावलेला. शेतकरी हसून म्हणाला, "गुरुजी, धान कोठीत राहते, तांदूळ नाही राहत." तेव्हापासून साठवण धानाचीच होते, आणि दरमहा लागेल तेवढेच गिरणीत जाते. पॉलिशही कमी करवून घेतो.

खरी परीक्षा दुसऱ्या वर्षी झाली. कापणी तोंडावर आली असता दोन दिवस वादळी पाऊस झाला आणि एका शेतकऱ्याचे निम्मे पीक आडवे झाले. तो आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. "यंदा पोती भरणार नाहीत. तुमच्या पैशांचे कसे करू?" त्या रात्री बैठकीत बरीच वादावादी झाली. भिशी ती भिशी, पैसे परत मिळालेच पाहिजेत, असे काहींचे म्हणणे. त्यात चूक काही नव्हती. संसार सर्वांनाच आहे. अखेर एक वृद्ध काकू म्हणाल्या, "पीक चांगले आले असते, तर आपण त्याला जास्त दिले असते का? मग बुडाले तेव्हा सगळे त्याच्याच माथी का?" निर्णय झाला की आगाऊ रक्कम परत मागायची नाही, आले तेवढे धान वाटून घ्यायचे. दोन कुटुंबे बाहेर पडली. त्यांच्याशी आमचा स्नेह आजही तसाच आहे.

पुढच्या हंगामात त्याच शेतकऱ्याने न सांगता चिन्नोरची आणखी एक बांधी लावली.

त्या बैठकीने आम्हांला मंडळ म्हणजे काय, ते शिकवले. केवळ चांगला तांदूळ स्वस्तात मिळवणे एवढाच हेतू असेल, तर दुकान पुरे आहे. देशी वाणाची जोखीम आजवर एकटा शेतकरी वाहत आला. तिचा काही वाटा खाणाऱ्याने उचलावा, यासाठी मंडळ हवे.

आपण मराठी माणसे इंदूर, बडोदे, हैदराबाद, जिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलो, तिथल्या भूमीचेही एखादे जुने धान्य असेलच. ते कोण पिकवतो याची चौकशी करावी. पाच घरे पुरेत. मात्र पहिल्याच बैठकीत एक गोष्ट लिहून ठेवावी: पीक बुडाले तर काय करायचे.