डॅशकॅमची निवड

डॅशकॅम म्हणजे मोटारीच्या पुढील काचेवर आतल्या बाजूने किंवा डॅशबोर्डवर बसवलेला आणि गाडी चालू असताना रस्त्याचे सतत चित्रण करणारा कॅमेरा होय. ‘डॅशबोर्ड’ आणि ‘कॅमेरा’ या दोन शब्दांच्या संक्षेपातून हे नाव तयार झाले. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर फुटलेल्या उल्केची दृश्ये अशाच कॅमेऱ्यांनी टिपली आणि या उपकरणाकडे जगाचे लक्ष वेधले गेले. भारतात खाजगी मोटारीत डॅशकॅम बसवणे बंधनकारक नाही. त्याचा मुख्य उपयोग अपघातानंतर पुरावा म्हणून होतो. म्हणून चित्रणात दुसऱ्या वाहनाचा क्रमांक वाचता येणे आणि ते चित्रण गरजेच्या वेळी शाबूत असणे, या दोन कसोट्यांवर त्याची निवड करणे योग्य ठरते.

वाहन क्रमांकाचे महत्त्व

धडक देऊन पळालेल्या वाहनाचा शोध न लागल्यास, १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या केंद्रीय योजनेनुसार मृताच्या वारसांना २ लाख रुपये आणि गंभीर जखमीस ५० हजार रुपये अशी ठरावीक रक्कम मिळते. वाहनाची ओळख पटल्यास मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. तेथे मृताचे वय, उत्पन्न आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या व्यक्ती विचारात घेऊन भरपाई ठरते. एका वाचता येण्याजोग्या क्रमांकाने पीडित कुटुंबाच्या परिस्थितीत मोठा फरक पडू शकतो.

चित्राची स्पष्टता

फुल एचडी चित्रात १९२० × १०८० बिंदू असतात. २५६० × १४४० बिंदूंच्या चित्रात क्रमांक अधिक अंतरावरून वाचता येतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी सेकंदाला सुमारे १६.७ मीटर अंतर कापते. सेकंदाला ३० चौकटी टिपणाऱ्या कॅमेऱ्यात दोन चौकटींमध्ये ती सुमारे ५५ सेंटिमीटर पुढे सरकलेली असते. ६० चौकटींच्या कॅमेऱ्यात हे अंतर निम्मे होते. भिंगाचा कोन जितका रुंद, तितका रस्त्याचा अधिक भाग दिसतो, परंतु क्रमांकाची अक्षरे लहान होतात. रात्री दिव्याच्या झोतात परावर्तक पाटी पांढरी पडते. त्यामुळे प्रखर उजेड आणि अंधार यांचा समतोल साधणारी सोय कॅमेऱ्यात असणे उपयुक्त ठरते.

परभणी जिल्ह्यातील परिस्थिती

परभणी जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत ते त्याहून बरेच अधिक असते. लिथियम बॅटरी अशा उष्णतेत फुगू शकते. त्यामुळे बॅटरीऐवजी कपॅसिटर असलेला कॅमेरा येथे अधिक टिकाऊ ठरतो. धक्का जाणवताच त्या वेळची फाइल पुसली जाऊ नये म्हणून ती राखून ठेवणारा संवेदक बहुतेक कॅमेऱ्यांत असतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर त्याची संवेदनशीलता जास्त ठेवल्यास प्रत्येक आदळ्याला एक फाइल राखली जाते आणि कार्ड भरते. पाथरी, मानवत, परभणीमार्गे नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ असो वा खेड्याचा रस्ता, गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्रीही धावतात. मागे दिवा किंवा परावर्तक नसलेली ट्रॉली ऐन वेळी दिसते. म्हणून रात्रीच्या चित्रणाची चाचणी पाहूनच खरेदी करणे हिताचे असते.

साठवण

सेकंदाला १५ मेगाबिट या दराने चित्रण तासाला सुमारे ६.७५ गिगाबाइट जागा घेते. ६४ गिगाबाइटच्या कार्डात सुमारे ९ तासांचे चित्रण मावते आणि त्यानंतर जुन्या फाइली आपोआप पुसल्या जातात. सततच्या लेखनासाठी बनवलेले टिकाऊ कार्ड वापरणे आणि अपघात होताच ते काढून ठेवणे आवश्यक असते.

कायदेशीर बाजू

शेजारच्या जालना विधानसभा मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीविषयी अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा खटला झाला. त्यात निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रण हा कळीचा पुरावा होता. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निकाल देताना इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले. मूळ उपकरणच न्यायालयात सादर करून सिद्ध केल्यास ते लागत नाही, असेही स्पष्ट केले. हा निर्णय तत्कालीन भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब खालील होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राची तरतूद आहे. त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमध्ये बदल झाल्यास बदलणारा संकेत, नमूद करावे लागते आणि तज्ज्ञाचीही स्वाक्षरी लागते. म्हणून मोबाइलवर पाठवलेल्या तुकड्यापेक्षा मूळ कार्ड आणि कॅमेरा जपून ठेवणे अधिक महत्त्वाचे असते.

डॅशकॅम निःपक्षपाती असतो. त्यातील उपग्रहाधारित वेगनोंद चालकाच्या बाजूने, तशीच त्याच्या विरुद्धही वापरली जाऊ शकते.