हॅम रेडिओ, घरचे वायरिंग आणि विजेचा धक्का

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे सास्तूर-किल्लारीच्या भूकंपाने आपला जिल्हा हादरला. त्या आपत्तीत हौशी रेडिओ चालकांनी, म्हणजे 'हॅम' मंडळींनी, निरोप पोहोचविण्यास मदत केली. हा छंद परवाना घेऊन तरुणांनी जरूर जोपासावा. मात्र त्यातील अँप्लिफायरविषयी डॉक्टर म्हणून सावध करणे भाग आहे.

हजार वॅट शक्ती बाहेर टाकणारा अँप्लिफायर घरच्या लाइनवरून सुमारे 2000 वॅट, म्हणजे 230 व्होल्टला जवळपास 9 अँपिअर ओढतो. पंखा-दिव्याच्या बोर्डावरील 6 अँपिअरच्या सॉकेटला हा भार पेलत नाही. वायर तापते, आवरण वितळते, आग लागते. म्हणून मेन बोर्डापासून 4 चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची लाइन, 16 अँपिअरचे थ्री-पिन सॉकेट आणि तेवढ्याच क्षमतेचा एमसीबी परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावा. फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड तार बांधणे हा शुद्ध आत्मघात आहे.

पण लक्षात ठेवा, फ्यूज आणि एमसीबी वायरला वाचवतात, माणसाला नव्हे. 10 ते 20 मिलिअँपिअर प्रवाहाने हाताचे स्नायू आखडतात व पकड सुटत नाही. 100 मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह छातीतून गेल्यास हृदय नुसते थरथरू लागते, रक्ताभिसरण थांबते. घामेजलेल्या हातांनी यापेक्षा जास्त प्रवाह सहज वाहतो, आणि 16 अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. अर्थिंगही हवेच. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे.

इतके करूनही एक धोका उरतो. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे दोन-अडीच हजार व्होल्ट असतात. तिथे हात लागला तर आरसीसीबी वाचवत नाही. शिवाय प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. झाकण जाणकारानेच उघडावे, तेही कोणी सोबत असताना. वळिवाचे ढग गडगडू लागले की अँटेना आणि प्लग आधीच काढून ठेवावेत.

धक्का बसलाच तर प्रथम मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर घरगुती लाइनपुरते, कोरड्या जागी उभे राहून सुक्या लाकडाने माणसाला तारेपासून वेगळे करा. उघड्या हाताने ओढू नका. माणूस बेशुद्ध असून नीट श्वास घेत नसेल तर कोणाला तरी 108 ला फोन करायला सांगा आणि छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाब देत राहा. अशा माणसाला मातीत पुरण्याची समजूत काही गावांत आहे. त्यात मोलाची मिनिटे जातात, माणूसही जातो.

शुद्धीवर असला तरी दवाखान्यात आणाच. कातडीवर छोटासा डाग दिसतो, पण आत स्नायू भाजलेले असू शकतात. लघवी काळसर झाली तर मूत्रपिंडाला धोका समजावा. ईसीजी काढून घ्यावा.

रेडिओवर पैसे खर्च करणाऱ्याने आरसीसीबीच्या खर्चात कंजुषी करू नये.