जोडून आलेल्या सुट्ट्या आणि निवृत्तिवेतनाचा लांबलेला महिना

दिनदर्शिकेतील लाल तारखा नोकरदारांना सुखावतात. निवृत्तिवेतनावर, कुटुंब निवृत्तिवेतनावर किंवा शासकीय अनुदानावर संसार चालवणाऱ्या ज्येष्ठांना मात्र त्याच तारखा बोटांवर मोजाव्या लागतात. पैसे दोन दिवस आधी आले किंवा तीन दिवस उशिरा आले, तर त्यात एवढे काय बिघडले, असे घरातील तरुणांना वाटते. बिघडते ते बहुधा औषधांच्या डब्यात. महिनाअखेरीस गोळ्या पुरवून पुरवून घेणारे, दिवसाआड घेणारे किंवा अर्धी मोडून घेणारे वृद्ध आपल्या ओळखीत असतील. कदाचित आपल्याच घरात असतील. म्हणूनच या हिशेबाचा विचार आरोग्याचा विचार म्हणूनही करायला हवा.

महिना चौतीस दिवसांचा कसा होतो?

केंद्र सरकारचे निवृत्तिवेतन सर्वसाधारणपणे त्या त्या महिन्याच्या कामकाजाच्या शेवटच्या दिवशी जमा होते. अपवाद एकट्या मार्च महिन्याचा. मार्चचे निवृत्तिवेतन एप्रिलच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी मिळते. त्यातच १ एप्रिल रोजी वार्षिक हिशेबपूर्तीसाठी बँकांचे ग्राहकव्यवहार बंद असतात. शिवाय १ सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार बँकांना सुट्टी आहे.

आता २०२६ चे उदाहरण घेऊ. २८ फेब्रुवारी हा चौथा शनिवार, म्हणजे कामकाजाचा शेवटचा दिवस शुक्रवार, २७ फेब्रुवारी. त्यानंतरची रक्कम नियमाप्रमाणे थेट २ एप्रिलला. मधले अंतर चौतीस दिवसांचे, आणि त्याच अंतरात होळी, गुढीपाडवा आणि रामनवमी. २ एप्रिलला बँकेत जाणे जमले नाही, तर ३ तारखेला गुड फ्रायडेची सुट्टी आहेच.

समजा, आपले निवृत्तिवेतन १५,००० रुपये आहे. तीस दिवसांच्या महिन्यात दिवसाला ५०० रुपये खर्चाला मिळतात. चौतीस दिवसांत त्याच वेगाने खर्च केल्यास शेवटच्या चार दिवसांसाठी २,००० रुपये कमी पडतील. एप्रिलची रक्कम मात्र ३० एप्रिलला, म्हणजे अठ्ठावीस दिवसांतच येते आणि तेव्हा १,००० रुपये शिल्लक राहू शकतात. वर्षभराची मिळकत तेवढीच असते. आखूड आणि लांब महिने फक्त आळीपाळीने येतात. आखूड महिन्यात उरलेले पैसे लांब महिन्यासाठी राखले, तर ओढाताण बरीच कमी होते. लवकर आलेली रक्कम ही जादा रक्कम नव्हे, एवढे मनाशी पक्के धरावे.

प्रत्येकाच्या तारखा सारख्या नसतात. राज्य शासन, भविष्य निर्वाह निधी संघटना, श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजना यांचे वेळापत्रक वेगवेगळे असते, आणि अनुदानाच्या योजनांत निधी उपलब्ध होण्यावरही बरेच अवलंबून असते. त्यामुळे आपल्या पासबुकातील गेल्या बारा महिन्यांच्या जमा तारखा एका कागदावर उतरवून काढाव्यात. दोन तारखांमधील सर्वांत मोठे अंतर किती, हे त्यातून कळेल. आपले अंदाजपत्रक तीस दिवसांचे न करता त्या सर्वांत लांब अंतराचे करावे.

येणे थांबते, जाणे थांबत नाही

१ ऑगस्ट २०२१ पासून बँकांमधील ठोक रकमांची स्वयंचलित देवाणघेवाण सुट्टीच्या दिवशीही चालते. याचा लाभ आहे, तसा धोकाही आहे. निवृत्तिवेतन देणाऱ्या कार्यालयाने रक्कम पाठवण्याचा आदेशच कामकाजाच्या दिवशी दिला, तर आपल्याला थांबावे लागते. विम्याचा हप्ता किंवा कर्जाचा हप्ता मात्र रविवारीही खात्यातून वजा होऊ शकतो. खात्यात पुरेसे पैसे नसतील, तर दंड आकारला जातो. असे हप्ते महिन्याच्या १ किंवा २ तारखेला लावलेले असतील, तर ते ७ तारखेच्या पुढे नेता येतील का, याची बँकेकडे किंवा विमा कंपनीकडे विचारणा करावी. धनादेशाने व्यवहार करणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की बँकांच्या सुट्टीच्या दिवशी धनादेश वटत नाहीत.

औषधांना सुट्टी नाही

हृदयासाठी आणि रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या एकाएकी बंद केल्यास रक्तदाब किंवा नाडीचे ठोके अचानक वाढू शकतात. इन्सुलिन चुकल्यास साखर बेसुमार चढू शकते. शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या मोडून घेतल्यास औषध एकदम रक्तात उतरते. म्हणून काटकसरीची सुरुवात औषधांपासून कधीही करू नये. पुढील चार गोष्टी कराव्यात.

पहिली, पैसे जमा होताच सर्वप्रथम औषधे आणावीत. किराणा, दूध आणि विजेचे बिल त्यानंतर.

दुसरी, डब्यात नेहमी सात दिवसांची औषधे अधिक असावीत. हा साठा एकदम करणे जड जात असेल, तर दर महिन्याला दोन दिवसांच्या गोळ्या जास्त घ्याव्यात. चार महिन्यांत तो पुरा होईल. नवा डबा उघडताना जुन्या गोळ्या आधी संपवाव्यात.

तिसरी, शासकीय रुग्णालयांतील बाह्यरुग्ण विभाग सार्वजनिक सुट्टीला बंद असतो. जोडून सुट्ट्या येत असतील, तर तपासणी आणि औषधांची नवी चिठ्ठी आठवडाभर आधी उरकून घ्यावी.

चौथी, औषधे परवडत नसतील, तर डॉक्टरांना तसे मोकळेपणाने सांगावे. त्याच घटकाचे जेनेरिक औषध चालेल का, हे ते सांगू शकतात. जनऔषधी केंद्रांत अशी औषधे बरीच स्वस्त मिळतात.

दिवाळी आणि हयातीचा दाखला

शासकीय निवृत्तिवेतनधारकांना दरवर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०२६ ची दिवाळी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे, म्हणजे बँकेच्या सुट्ट्या आणि गर्दी एकाच वेळी. दाखला राहिला, तर पुढचे निवृत्तिवेतन अडते. केंद्राच्या ऐंशी वर्षांवरील निवृत्तिवेतनधारकांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. त्यांनी दिवाळीची वाट पाहू नये. भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतील निवृत्तिवेतनधारक वर्षातून केव्हाही दाखला देऊ शकतात आणि तो दिल्यापासून एक वर्ष चालतो. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी मोबाइलवर चेहऱ्याच्या ओळखीने जीवनप्रमाण देण्याची सोय आहे. शुल्क देऊन पोस्टमनला घरीही बोलावता येते.

याच दिवसांत 'दाखला अडला आहे, क्रमांक सांगा' असे फसवे दूरध्वनी येतात. बँक बंद असल्याने खातरजमा करता येत नाही, हे फसवणाऱ्यांना ठाऊक असते. ओटीपी कोणालाही सांगू नये. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. सुट्टी संपण्याची वाट पाहू नये.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

सणासुदीला नातवंडांच्या हातावर काही ठेवता यावे, लेकीला ओवाळणी घालता यावी, यासाठी आई किंवा सासरे आपल्या औषधांचे पैसे बाजूला काढतात आणि त्याचा उच्चारही करत नाहीत. 'पैसे हवेत का?' असे विचारले, तर उत्तर बहुधा 'नको' असेच येते. त्यापेक्षा औषधांचा डबा पाहावा. महिनाअखेरीस उरल्या पाहिजेत त्याहून अधिक गोळ्या त्यात दिसल्या, तर कोठेतरी काटकसर चालली आहे किंवा विसर पडतो आहे, असे समजावे. तेव्हा रागावू नये. औषधांचा खर्च आपण परस्पर दुकानात भागवावा आणि ओवाळणीचे पाकीट त्यांच्याच हातून दिले जाईल असे पाहावे. देण्याचा मान त्यांच्याकडे राहू द्यावा.

आज दिनदर्शिका हाती घ्यावी. पुढील तीन महिन्यांतील बँकेच्या सुट्ट्यांवर खूण करावी. सुट्ट्या राज्यागणिक बदलतात, म्हणून आपल्या राज्याचीच यादी पाहावी. पैसे जमा होण्याची संभाव्य तारीख, औषधे संपण्याची तारीख आणि हप्त्याची तारीख अशा तीन तारखा तिच्यावर लिहून ठेवाव्यात. औषधे संपण्याची तारीख पैसे येण्याच्या आधी पडत असेल, तर तेवढ्या दिवसांची सोय या आठवड्यातच करावी.