फांदीला पान फुटलं, तरी थांबा

मोशी-चाकणकडं सोसायट्या वाढल्या तशी कुंडीतल्या रोपांना मागणी आली. आपल्या गटांना रोपं विकायची असतील, तर जास्वंद, तगर, मोगरा, गावठी गुलाब फांदीपासून घरीच होतात.

आषाढ-श्रावणात हवा दमट असते, तेव्हा लावा. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी घ्या. अगदी कोवळी नको, फार जूनही नको. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. वरची दोन पानं ठेवून बाकीची काढा. पानांतून पाणी उडून जातं आणि प्यायला अजून मुळं नाहीत, साधा हिशेब आहे. दुधाच्या पिशवीला खाली भोकं पाडा, माती-वाळू भरा, दोन डोळे आत जातील अशी फांदी खोचा. सावलीत ठेवा. शेणखत आत्ता नको, फांदी कुजते.

खरी गोम पुढं आहे. पंधरवड्यात नवं पान येतं आणि विकायची घाई होते. पण ते पान फांदीतल्या साठ्यावर फुटलेलं असतं. मुळी नसेल तर साठा संपताच मान टाकतं. अशी पिशवी विकली की गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. दीड-दोन महिने थांबा. भोकातून पांढरी मुळी दिसली की मगच द्या. उपटून बघू नका, मुळी तुटते.

बऱ्याच जणी तळेगावच्या पॉलीहाऊसमधल्या लांब दांड्याच्या गुलाबाचं विचारतात. ती झाडं बहुतेक दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर डोळा भरून केलेली असतात. गुच्छातली फांदी जगेलही, पण खुंटाचं बळ तिला नाही. त्यापेक्षा गावठी बरा. त्याचा गुलकंदही होतो.