मुंबईत छापलेली आफ्रिकेची देवी

आजीच्या देवघरात एखादी तरी तसबीर जुन्या कॅलेंडरमधून कापून फ्रेम केलेली असते. वर्ष संपलं म्हणून देवाचं चित्र कसं टाकणार? अशाच एका चित्राची ही गोष्ट.

१८८०च्या दशकात जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये साप खेळवणाऱ्या एका स्त्रीचं रंगीत चित्र छापलं गेलं. ते पश्चिम आफ्रिकेत पोहोचलं आणि तिथल्या लोकांना त्यात आपली जलदेवता, मामी वाटा, दिसली. १९५५ मध्ये मुंबईच्या श्रीराम कॅलेंडर कंपनीने तेच चित्र पुन्हा छापून घानाला पाठवलं. पुढे आपल्या देवदेवतांची चित्रंही मामी वाटाच्या देव्हाऱ्यात जाऊन बसली.

अटलांटिकपलीकडे क्युबामध्ये मात्र चित्रामागे देव लपवावा लागला. गुलाम म्हणून नेलेल्या योरुबा लोकांना आपले देव उघडपणे पुजता येत नव्हते. त्यांनी चर्चमधल्या रेग्लाच्या मेरीमातेत आपली जलमाता येमोजा पाहिली. अशा श्रद्धांतूनच सांतेरिया पंथ घडला. तिथे ती झाली येमाया, निळ्या-पांढऱ्या रंगांची समुद्रमाता.

घर, गाव, भाषा सगळं सुटलं, पण आई सुटली नाही.

यंदा जुनं कॅलेंडर उतरवताना मुलांना ही गोष्ट नक्की सांगा.