डोंगर वाचता आला पाहिजे

२६ जुलै २००५ हा दिवस महाराष्ट्राच्या स्मरणात राहिला तो मुंबईच्या पावसामुळे. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या दिवशी चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि तो आकडा पुढे शाळकरी मुलांच्याही तोंडी बसला. त्याच पावसात, २५ व २६ जुलैच्या दरम्यान, महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांवर डोंगर कोसळले व दोनशेच्या आसपास माणसे गाडली गेली, ही गोष्ट मात्र रायगड जिल्ह्याबाहेर फारशी कोणाच्या लक्षात नाही. सोळा वर्षांनी, २२ जुलै २०२१ रोजी, त्याच तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याच सुमारास पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही घरांवर डोंगर आला. शासनाने मदत जाहीर केली, मंत्र्यांचे दौरे झाले, अहवाल तयार झाले. परंतु ज्या माणसांना त्या डोंगराखाली पुढचाही पावसाळा काढावयाचा आहे, त्यांना त्या डोंगराविषयी काही सांगावे, त्यांच्याकडून काही ऐकावे, अशी नियमित व्यवस्था या मुलुखात आहे काय?

हा प्रश्न वरकरणी लहान वाटेल. विज्ञानाची लोकभाषेतील व्याख्याने आणि निसर्गसहली हा विषय वृत्तपत्रांच्या ‘आजचे कार्यक्रम’ या सदरात दोन ओळींत उरकला जातो. पुण्यामुंबईच्या मध्यमवर्गाची ती रविवारची हौस आहे, अशीच सर्वसाधारण समजूत आहे. महाडहून म्हाप्रळकडे जाणाऱ्या रस्त्यावरील तुडीलसारख्या खाडीपट्ट्यातील गावी ही हौस कोणाला परवडणार, असेही विचारले जाईल. वस्तुतः परिस्थिती नेमकी उलटी आहे. ज्याच्या घरामागे डोंगर नाही त्याला डोंगराचे ज्ञान ही हौस आहे. ज्याच्या घरामागे तो आहे त्याची ती निकड आहे.

परंपरा आहे, पोच नाही

महाराष्ट्रात या कार्याची परंपरा नाही असे कोणी म्हणणार नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ मासिक काढले तेच मुळी शास्त्रीय विषय मराठीत आणण्यासाठी. पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेचा आरंभ न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये केला. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ ची. मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये स्थापन झाली आणि गावोगावच्या विभागांतून व्याख्याने, शिबिरे व वार्षिक अधिवेशने भरवू लागली. १९८७ मध्ये जनविज्ञान जथ्याने देशभर पथनाट्ये व पोस्टर-प्रदर्शने नेली. दरम्यान १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टी जोपासणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले होते.

खुद्द रायगड जिल्ह्याचाही विज्ञानाच्या इतिहासातील वाटा लहान नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय मापनाची उपकरणे अलिबागेस हलविण्यात आली आणि १९०४ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत आल्या. सालिम अलींनी सुगरण पक्ष्याच्या संसाराचा गाजलेला अभ्यास केला तो १९३० च्या सुमारास, अलिबागजवळच्या किहीमला. म्हणजे जगाला दखल घ्यावी लागली असे शास्त्र या जिल्ह्याच्या मातीत झाले. पण ते समुद्रकिनाऱ्याच्या पट्टीवर झाले आणि पुष्कळसे तेथेच राहिले. महाड-पोलादपूरच्या डोंगराळ भागात ते क्वचितच पोचले.

क्वचित म्हणण्याचे कारण असे, की अपवाद आहेत आणि ते बोलके आहेत. महाडच्या प्रेमसागर मेस्त्री यांनी व त्यांच्या ‘सिस्केप’ या संस्थेने म्हसळा तालुक्यातील चिरगाव परिसरात गिधाडांच्या रक्षणाचे काम ग्रामस्थांना बरोबर घेऊन उभे केले. सावित्री जेथे समुद्राला मिळते त्या मुखाच्या दक्षिणेस, मंडणगड तालुक्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ पासून सागरी कासवांची घरटी राखली. पूर्वी वाळूतील अंडी काढून ती खाल्ली वा विकली जात. आता पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी बाहेरगावची माणसे येतात, गावातल्या घरांत उतरतात, आणि पोळीभाजीचे पैसे त्याच घरांत राहतात. निसर्गरक्षण आणि चरितार्थ यांचा मेळ कसा बसतो, हे येथे पाठ्यपुस्तक न उघडता दिसते.

गिधाडाचा हिशेब

अशा कामांची किंमत रुपयांत मांडता येत नाही म्हणून ती अंदाजपत्रकात दिसत नाहीत. न दिसणारी वस्तू फुकटची समजली जाते, हा अर्थव्यवहारातील जुना दोष आहे. गिधाडांचे उदाहरण या दृष्टीने मननीय आहे. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते व त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. तोपर्यंत भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शंभरातले एखादे उरण्याची वेळ आली होती. २००६ मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी आली. २०२३ मध्ये असिक्लोफिनॅक व किटोप्रोफेन यांवरही आली.

परंतु मधल्या काळात मेलेली गुरे उघड्यावर कुजली, भटकी कुत्री वाढली, पाण्यात रोगजंतू गेले. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा अंदाज मांडला, की २००० ते २००५ या वर्षांत गिधाडे नाहीशी झाल्यामुळे भारतात सुमारे पाच लाख अधिक माणसे दगावली. अंदाज थोडा इकडेतिकडे झाला तरी तात्पर्य बदलत नाही. गुरांच्या डॉक्टराने आणि शेतकऱ्याने कोणते औषध वापरावे, मेलॉक्सिकॅमसारखे निर्धोक औषध मिळते की नाही, ही माहिती गोठ्यापर्यंत पोचणे हा हौसेचा विषय राहत नाही. ती पोचविण्याचा खर्च एका व्याख्यानाचा, एका गावसभेचा. न पोचविण्याचा खर्च मात्र मोजता मोजता मोजणाराच थकेल.

खाडीकाठचे पाठ्यपुस्तक

तुडीलसारख्या गावी एखादी निसर्गसहल काढायची झाली तर तिला दूर जावे लागणार नाही. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून उतरते, महाडजवळ तिला गांधारी व काळ या नद्या मिळतात आणि तेथून पुढे ती भरती-ओहोटीची खाडी होऊन जाते. उधाण म्हणजे काय आणि भांग म्हणजे काय, हे खाडीकाठच्या मच्छीमाराला कोणत्याही प्राध्यापकापेक्षा अधिक कळते. परंतु डोंगरात कोसळणारा पाऊस आणि समुद्रातून चढणारे उधाण एकाच वेळी आले तर महाडच्या बाजारपेठेत पाणी का चढते व का उतरत नाही, हे समजावून देण्यासाठी त्या मच्छीमाराचे ज्ञान आणि पर्जन्यमापकाचा आकडा शेजारी शेजारी ठेवावे लागतात. २००५ आणि २०२१ या दोन्ही पुरांच्या वेळी आषाढी पौर्णिमा चार-पाच दिवसांच्याच अंतरात होती, ही गोष्ट पंचांगात कोणालाही पाहता येते.

याच परिसरात सवचे गरम पाण्याचे झरे आहेत. तेथे शतकानुशतके लोक अंगदुखी घालवावयास येतात. पाणी गरम का, हा प्रश्न भूगर्भाचे दार उघडतो. महाडजवळ सावित्रीच्या पात्रात मगरी आहेत. त्यांना भ्यावे किती व जपावे कसे, हा प्रश्न धुण्यास जाणाऱ्या बायकांचा आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक सांडपाण्याविषयी खाडीकाठच्या मासेमारांची तक्रार जुनी आहे. पाण्यातला प्राणवायू कसा मोजतात, हे गावातल्या दहा तरुणांना शिकविले तर त्या तक्रारीला केवळ आवाज नव्हे, आकडाही मिळेल. आकड्याला उत्तर देणे कार्यालयांना भाग पडते.

आणि डोंगर. कोकणातील डोंगरउतारावर कातळाच्या वर मऊ मातीचा थर असतो. पाणी त्या थरात मुरत जाते, खालच्या कातळावर अडते, मातीचे वजन वाढते आणि तिची पकड सुटते. हे घडण्यापूर्वी डोंगर पुष्कळदा काही सांगत असतो: उतारावर नव्या भेगा दिसतात, निवळ झरा एकाएकी गढूळ होतो किंवा आटतो, झाडे व विजेचे खांब कलतात, दारे चौकटीत अडकू लागतात, दगड घरंगळतात. ही लक्षणे वाचावयास उपकरण लागत नाही. ती वाचता येतात एवढे ठाऊक असावे लागते.

२२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. त्या हिशेबाने एका हेक्टरवर एका दिवसात ५९ लाख लिटरहून अधिक पाणी पडले. सातवीच्या मुलाला करता येणारे हे गणित आहे. ते त्याच्याकडून त्याच्याच गावच्या पावसावर करून घेतले, तर पाऊस ‘फार’ आहे की ‘धोक्याचा’ आहे, यातला फरक त्याच्या घरालाही कळेल.

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

यावर दोन आक्षेप येतील व दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. पहिला असा, की हे काम शासनाचे व तज्ज्ञांचे आहे. धोक्याच्या गावांच्या याद्या सरकारने केलेल्या आहेत. याद्या आहेत हे खरे. परंतु १९ जुलै २०२३ च्या रात्री याच जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी गाडली गेली. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत; आणि ती वाडी धोक्याच्या यादीत नव्हती, असे शासनानेच विधिमंडळात सांगितले. यादी करणारा पाहणीला येतो आणि जातो. डोंगराखाली राहणारा रोज पाहतो. त्याच्या पाहण्याला शास्त्राची जोड मिळणे हाच यादीतील उणीव भरण्याचा स्वस्त मार्ग आहे. केरळातील वायनाड जिल्ह्यात ह्यूम केंद्राने स्थानिक लोकांच्या मदतीने पर्जन्यमापकांचे जाळे उभे केले होते. ३० जुलै २०२४ च्या भीषण दुर्घटनेपूर्वी काही तास आधी त्या केंद्राने धोक्याची सूचना दिली होती.

दुसरा आक्षेप अधिक कठोर आहे. माणसाला धोका कळला, पण जावयास जागाच नसेल तर त्या ज्ञानाचा उपयोग काय? वायनाडचा अनुभवही हेच सांगतो की सूचना आणि सुटका यांत अंतर असते. पुनर्वसनाची जागा, पक्के घर, पावसाळ्यातील तात्पुरता निवारा ही शासनाची जबाबदारी आहे आणि कोणतेही व्याख्यान तिला पर्याय होऊ शकत नाही. विज्ञानप्रसाराच्या नावाखाली ती जबाबदारी गावकऱ्यांच्या खांद्यावर लोटली जाऊ नये. तथापि ज्याला आपला धोका मांडता येतो तोच निवारा हक्काने मागू शकतो. अज्ञानाने कोणाचेही पुनर्वसन लवकर झाल्याचे उदाहरण नाही.

खर्च किती?

पैशाचा प्रश्न येथे सर्वांत लहान आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार महाराष्ट्रात गावोगावच्या ग्रंथालयांना अनुदान मिळते. त्यांतील प्रत्येक पात्र ग्रंथालयाने वर्षाला चार व्याख्याने व दोन सहली योजाव्यात आणि त्यांसाठी थोडी वेगळी रक्कम राखून ठेवली जावी. विद्यापीठांची बहिःशाल व्याख्यानांची परंपरा जुनी आहे. महाडला १९६१ पासून महाविद्यालय आहे. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे दरवर्षी होतात. व्याख्यात्यांची वाण नाही. वाण आहे ती वेळापत्रकाची. वैशाखात पावसाचे व दरडीचे व्याख्यान, श्रावणात रानभाज्यांची सहल, कार्तिकात आकाशदर्शन, फाल्गुनात वेळासची कासवे, असा क्रम लावला तर निसर्गच पाहुण्याला बोलावून आणील.

मात्र दोन पथ्ये पाळली पाहिजेत. व्याख्यान शेवटच्या एस. टी.च्या वेळेआधी संपले पाहिजे. नाहीतर वाडीवस्तीवरचा माणूस येणार नाही आणि समोर पुन्हा तेच चार शिक्षक व दोन कारकून बसतील. आणि ते बायकांना सोयीच्या वेळी असले पाहिजे. खाडीपट्ट्यातील अनेक घरांतले कर्ते पुरुष मुंबईत किंवा आखाती देशांत असतात. अपरात्री मुलेमाणसे घेऊन घर सोडण्याचा निर्णय पुष्कळदा बाईलाच करावा लागतो. झरा गढूळ झाल्याचे प्रथम दिसते तेही पाण्याला जाणाऱ्या बाईलाच.

शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक, फळ्याच्या कोपऱ्यात रोजचा आकडा, आणि वर्षातून चार वेळा त्या आकड्याविषयी बोलावयास आलेला एखादा जाणता माणूस: मागणी एवढीच आहे. येत्या ज्येष्ठात सह्याद्रीवर पुन्हा ढग जमतील. त्यांच्याकडे पाहून महाड-पोलादपूरच्या वाड्यांतून कोणी आकडा लिहून ठेवणार आहे की नाही, हे आताच ठरले पाहिजे.