विश्लेषण : नाताळच्या मेळाव्यासाठी गोधडी शिवायची, तर सुरुवात सप्टेंबरमध्ये का करावी लागते? ३ साड्या, २१ हजार टाके आणि ३० तासांचा हिशेब

चेंबूर गावठाणात नाताळचे कंदील लागायला अजून वेळ असतो, तेव्हाच चर्चच्या महिला मंडळांत डिसेंबरच्या मेळाव्याची चर्चा सुरू होते. फराळ कोण करणार, केक कुठून आणायचा, वृद्धाश्रमात भेट काय न्यायची? अलीकडे या यादीत एक जुनी गोष्ट पुन्हा डोकावते : हाताने शिवलेली गोधडी. घरात जुन्या साड्या पडूनच आहेत, शिवता येणाऱ्या मावशीही आहेत, म्हणजे खर्च जवळपास शून्य, असे वाटते. प्रत्यक्षात फुकट असते ते फक्त कापड. त्यावर किती तास खर्च होतात आणि ते कोणाचे असतात, याचा हिशेब आधी मांडला नाही, तर नाताळ येतो आणि गोधडी अर्धीच राहते. हा हिशेब सोप्या भाषेत समजून घेऊ.

गोधडी म्हणजे नेमके काय?

जुन्या मऊ कापडाचे थर एकमेकांवर ठेवून धावदोऱ्याने शिवलेले पांघरूण म्हणजे गोधडी. कोल्हापूर-सांगलीकडे आणि कोकणात ‘वाकळ’, सोलापूर आणि कर्नाटक सीमेकडे ‘कौदी’, तर तान्ह्या बाळासाठी छोटे ‘दुपटे’. रजईत कापूस भरलेला असतो, गोधडीत मात्र कापडावर कापड असते. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण गोधडी घरी धुता येते आणि फाटली तर ठिगळ लावून पुन्हा वापरता येते.

चेंबूरमध्ये या एकाच वस्तूचे अनेक धागे सापडतात. गावठाणातल्या ईस्ट इंडियन घरांत चौकडीचे सुती लुगडे ही ओळखीची गोष्ट. नगर, सोलापूर, मराठवाड्यातून मुंबईत आलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांना गोधडी गावाकडून माहीत. आणि चेंबूर कॅम्प वसवला तो फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी. त्यांच्या सिंधमध्ये याच कलेला ‘रल्ली’ म्हणतात. नावे वेगळी, कृती तीच : जुने कापड फेकायचे नाही, थरांनी वाढवायचे.

चर्चच्या महिला आणि गोधडी, हा संबंध कुठला?

जगभरात हा संबंध जुना आहे. अमेरिकेत १९४५ मध्ये स्थापन झालेल्या ‘लुथरन वर्ल्ड रिलीफ’ या संस्थेसाठी चर्चमधल्या महिला आजही एकत्र बसून गोधड्या करतात आणि त्या आपत्तीग्रस्तांना, निर्वासितांना पाठवल्या जातात. त्यासाठी आकारही ठरलेला आहे : ६० इंच बाय ८० इंच. म्हणजे साधारण पाच फूट बाय पावणेसात फूट.

आपल्या जवळचे उदाहरण उत्तर कन्नड जिल्ह्यातले आहे. गोवा आणि बेळगावला लागून असलेल्या या जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. अनेकांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणले होते. सिद्दींमध्ये ख्रिस्ती, मुस्लीम आणि हिंदू असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत आणि तिघांकडच्या बायका ‘कवंदी’ शिवतात. कॅथलिक घरांतल्या कवंदीवर अनेकदा ठिगळांतूनच क्रूस उमटतो. कवंदी कडेपासून सुरू होते आणि टाके घालत घालत मध्यभागी संपते. चारही कोपऱ्यांना कापडाची घडीदार ‘फुले’ लावतात. ती नसतील तर कवंदी अपुरी, उघडी मानली जाते. २००४ मध्ये आफ्रिकी कलेचे अमेरिकी अभ्यासक हेन्री ड्रुअल यांच्या पुढाकाराने या महिलांची सहकारी संस्था उभी राहिली आणि कवंदी घराबाहेर विक्रीला गेली.

मुंबईच्या हवेत गोधडी हवी कशाला?

प्रश्न रास्त आहे. सांताक्रूझ वेधशाळेत आजवरचे सर्वांत कमी तापमान नोंदले गेले ते २२ जानेवारी १९६२ रोजी : ७.४ अंश सेल्सिअस. अशी थंडी मुंबईत अपवादानेच पडते. पण इथल्या साध्या थंडीलाच गोधडी योग्य आहे.

ऊब कापड देत नाही, कापडाच्या थरांत अडकलेली हवा देते. स्थिर हवेतून उष्णता फार हळू बाहेर जाते. कापूस भरलेल्या जाड रजईत हवा भरपूर, म्हणून मुंबईत तिच्याखाली घाम येतो. चार-पाच थरांच्या गोधडीत हवा बेताची असते आणि सुती कापड घाम शोषून घेते. शिवाय तीच गोधडी जमिनीवर अंथरताही येते. पत्र्याच्या घरात, निवारागृहात किंवा रुग्णालयाबाहेर नातेवाइकांसाठी रात्र काढणाऱ्या माणसाला हा दुहेरी उपयोग जास्त कामाचा.

कापड किती आणि कोणते लागते?

दीड मीटर रुंद आणि दोन मीटर दहा सेंटिमीटर लांब अशी एका माणसाची गोधडी धरू. थर पाच : खालचे अस्तर, मधले तीन आणि वरचा ठिगळांचा.

साडी साडेपाच मीटर लांब आणि सुमारे १.१ मीटर रुंद असते. तिचे दीड मीटरचे तीन तुकडे निघतात आणि एक मीटर उरते. असे दोन तुकडे काठाला काठ जोडले की एक थर तयार. म्हणजे खालच्या चार थरांना आठ तुकडे. तीन साड्यांतून नऊ तुकडे मिळतात. नववा तुकडा आणि उरलेले तीन मीटर वरच्या ठिगळांना पुरतात. जुन्या साडीचा काही भाग विरलेला असतोच, म्हणून चौथी साडी हाताशी ठेवलेली बरी. ठिगळांत रंगांची विविधता हवी असेल, तर ब्लाउज शिवणाऱ्या टेलरकडचे सुती कातरण मागून आणता येते.

खरी अडचण आता वेगळीच आहे : सुती साडी मिळणे. कपाटांत सिंथेटिक साड्याच जास्त. त्या घाम शोषत नाहीत, त्यांचे थर शिवताना सरकतात आणि आगीजवळ त्या वितळून अंगाला चिकटतात. सुती कापडही पेटतेच, त्यामुळे मेणबत्तीपासून दोन्ही लांब ठेवावे. पण पांघरुणासाठी सुतीच घ्यावे. कापड ओळखायचे असेल तर पाण्याचा थेंब टाकून बघा. धुतलेल्या सुती कापडात तो लगेच मुरतो, सिंथेटिकवर बराच वेळ तरंगतो.

कापड गोळा केल्यावर आधी गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवायचे. मुंबईच्या पावसाळ्यात हे जमत नाही. दमट कापड थरांत शिवले तर आतून कुबट वास येतो आणि बुरशी धरते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये फक्त साड्या जमवा, धुणे पाऊस उघडल्यावर.

एका गोधडीला टाके किती?

धावदोऱ्याच्या दोन ओळींत दीड सेंटिमीटर अंतर धरले, तर दीड मीटर रुंदीत १०० ओळी बसतात. प्रत्येक ओळ २१० सेंटिमीटरची. म्हणजे एकूण २१० मीटर शिवण. एक टाका वर अर्धा सेंटिमीटर आणि खाली अर्धा सेंटिमीटर घेतला, तर २१ हजार टाके होतात. दोरा कापडातून वर-खाली जातो, त्यामुळे तो लागतो सुमारे २५० मीटर.

एका टाक्याला सरासरी तीन सेकंद धरा. २१ हजार टाक्यांना ६३ हजार सेकंद, म्हणजे साडेसतरा तास. त्यात ठिगळे जोडायला सहा तास, थर पसरून कच्चा टाका घालायला दोन तास, कडा दुमडून शिवायला तीन तास. सुई ओवणे, गाठी सोडवणे, मान मोकळी करणे हेही आलेच. एक गोधडी म्हणजे साधारण ३० तासांचे काम.

मग सुरुवात केव्हा करायची?

समजा मंडळात बारा जणी आहेत आणि सहा गोधड्या करायच्या आहेत. काम १८० तासांचे. आठवड्यातून एकदा दोन तास बसले, तर एका बैठकीत २४ तासांचे काम होते. म्हणजे आठ बैठका. कागदावर हे दोन महिन्यांत बसते. पण मध्ये दिवाळी येते, कोणाच्या घरी आजारपण असते, कोणाची रात्रपाळी असते.

म्हणून सोयीचे वेळापत्रक असे : वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा सप्टेंबरच्या मध्यावर आटोपली की कापड धुवायला आणि कापायला घ्यायचे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टाके. नाताळपूर्वीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला येतो. तोवर शिवण संपवायची. उरलेले दिवस धुणे, वाळवणे आणि वाटप यांना.

कामाची वाटणीही आधीच ठरवावी. पसरलेल्या गोधडीच्या चार बाजूंना चौघी बसू शकतात. नजर अधू झालेल्या मावशींना ठिगळांची रंगसंगती आणि मांडणी द्या, नवशिक्या मुलींना कच्चा टाका, सरावाचा हात असलेल्यांना मधल्या ओळी. गुडघे दुखणाऱ्यांसाठी टेबल हवे. मधल्या बोटाला अंगुस्तान नसेल तर पाच थरांतून सुई ढकलताना तासाभरात बोट सोलवटते, ही गोष्ट पहिल्याच बैठकीला सांगावी.

वेळ कमी असेल तर?

अमेरिकी चर्चमध्ये यावर उपाय म्हणून अनेक गट टाके न घालता गाठी मारतात. वरचा थर मशिनवर जोडायचा आणि सगळ्या थरांतून जाड दोरा ओवून थोड्या-थोड्या अंतरावर पक्क्या गाठी द्यायच्या. आपल्या मापाच्या गोधडीला साडेबारा सेंटिमीटरवर एक अशा सुमारे २०० गाठी लागतात. एका गाठीला एक मिनिट धरले तरी साडेतीन तासांत काम होते.

तोटाही आहे. पातळ साड्यांचे थर गाठींच्या मध्ये सैल राहतात आणि काही धुण्यांनंतर आत गोळा होऊ शकतात. जाड चादरींसाठी गाठी चालतात, साड्यांसाठी धावदोराच टिकतो. मधला मार्ग म्हणजे ओळींतले अंतर दीडऐवजी तीन सेंटिमीटर ठेवणे. ओळी ५० होतात आणि टाक्यांचा वेळ निम्म्यावर, नऊ तासांच्या आत येतो.

द्यायची कोणाला?

हे शिवायला बसण्यापूर्वी ठरवावे, कारण माप त्यावर अवलंबून आहे. वृद्धाश्रमासाठी हलकी, तीन-चार थरांची गोधडी बरी. पाच थरांची कोरडी गोधडी दीड किलोच्या आसपास जाते आणि ओली झाली की दुपटीहून जड. ती पिळणे थकलेल्या हातांना झेपत नाही. निवारागृहांत मोठ्या मशिनमध्ये धुलाई होते, तिथे शिवण घट्ट हवी. तान्ह्या बाळासाठी दुपटे अंथरायला द्या. झोपलेल्या बाळाच्या तोंडावर येईल असे सैल पांघरूण एक वर्षापर्यंत टाळावे, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. आणि संस्थेला आधी विचारा. गरज टॉवेलची असेल, तर तिथे गोधडीचे ओझे होते.

विकायची असेल तर किंमत किती?

अनेक मंडळे नाताळच्या विक्रीत गोधडी ठेवतात आणि इथेच ३० तास गायब होतात. ‘कापड तर घरचेच होते’ म्हणून पाचशे रुपये लावले जातात. दोरा-सुईचा खर्च सोडला, तरी ३० तासांना ५०० रुपये म्हणजे तासाला १७ रुपयेही पडत नाहीत. तासाला ६० रुपये धरले तर निव्वळ मजुरी १,८०० रुपये होते. मशिनवर शिवलेली रजई बाजारात याहून स्वस्त मिळते, हे खरे. पण त्यावरून हाताच्या कामाची किंमत ठरवली, तर हे काम फक्त फुकट राबणाऱ्या बायकांच्याच जिवावर चालेल.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात हा प्रश्न १९६६ मध्ये समोर आला. मतदार म्हणून नाव नोंदवल्याने तिथल्या अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांचे काम आणि घर गेले होते. फ्रान्सिस वॉल्टर या धर्मगुरूंनी तिथल्या बायकांच्या गोधड्या न्यूयॉर्कमध्ये लिलावाला नेल्या आणि त्यातून ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही महिलांची सहकारी संस्था उभी राहिली. त्याच परिसरातल्या जीज बेंड गावच्या गोधड्या पुढे संग्रहालयांत गेल्या आणि २००६ मध्ये त्यांच्यावर अमेरिकेची टपाल तिकिटे निघाली.

चेंबूरच्या मंडळाला लिलाव करायची गरज नाही. एवढे मात्र सहज करता येईल : प्रत्येक बैठकीला कोण किती तास बसले, हे वहीत लिहायचे. गोधडी भेट द्यायची असेल तर कोपऱ्यावर कापडी पट्टी शिवून त्यावर ‘३० तास’ आणि शिवणाऱ्या हातांची आद्याक्षरे घालायची. विकायची असेल तर तोच आकडा किमतीखाली लिहायचा. आणि मंडळाबाहेरच्या एखाद्या गरजू बाईकडून शिवून घेणार असाल, तर तिला गोधडीमागे नव्हे, तासामागे पैसे द्यायचे. भेट स्वतःच्या वेळेची देता येते, दुसरीच्या वेळेची नाही.